भोक पडलेला चिंचोका

मे महिना लागला की माझ्या फोनवर एकाच जातीचे निरोप यायला सुरुवात होते. चिंचोके, बहाव्याच्या शेंगा, सीताफळाच्या बिया... जे असेल ते टाकू नका, आमच्याकडे आणून द्या, आम्ही सीडबॉल करून डोंगरावर टाकतो. कुणी माजी विद्यार्थी पाठवतो, कुणी नात्यातलं. या उत्साहाची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. बारा महिने फोनमध्ये डोकं घालून बसणारी पोरं निदान दोन रविवार चिखलात हात घालतात, हे मला मनापासून आवडतं.

पण मंडळी, बियांच्या त्या पोत्यात बियांखेरीज आणखी कुणीतरी बसलेलं असतं. त्याची चौकशी कुणी करत नाही. आज त्याच्याविषयी लिहायचं आहे.

आधी काय घडलं ते सांगतो. २०२४ च्या जूनमध्ये आमच्या तालुक्यातल्या एका संस्थेने गावाबाहेरच्या उघड्या टेकडीवर सीडबॉल टाकले. संस्था कोणती ते महत्त्वाचं नाही, मुलं प्रामाणिक आहेत. फेब्रुवारी-मार्चपासून दोन शाळांच्या पोरांनी चिंचोके आणि बहाव्याच्या शेंगा जमवल्या होत्या. पोती एका खोलीत रचून ठेवली. जूनमध्ये मातीचे गोळे वळले, ट्रॅक्टरमधून नेले, फोटो निघाले. पाऊसही बरा झाला. दिवाळीनंतर मी टेकडीवर गेलो तर घाणेरी आणि कुसळी गवत. चिंचेची रोपं मला मोजून अकरा सापडली!

संस्थेच्या कार्यकर्त्याने निष्कर्ष सांगितला, "सर, देशी झाडं या मुरमात येतच नाहीत. पुढच्या वर्षी सरळ गिरिपुष्पाची रोपं आणू." आणि २०२५ मध्ये त्यांनी तेच केलं. गिरिपुष्पाशी माझं वैर नाही. पण त्याच टेकडीच्या पायथ्याशी, त्याच मुरमात, माझ्या आजोबांच्या आधीपासूनच्या चिंचा उभ्या आहेत. त्या काय आकाशातून पडल्या?

त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. सातवीतली एक मुलगी, रोज डबाभर चिंचोके घेऊन यायची, तिने मला विचारलं, "सर, माझ्यातला एकपण का नाही उगवला?" तिला कुणीतरी सांगितलं होतं की प्रेमाने टाकलं असतं तर उगवलं असतं. प्रेमाचा इथे काय संबंध? उरलेलं अर्धं पोतं मी मागून घरी आणलं आणि अंगणात ओतलं. दर दहा चिंचोक्यांत सहा-सात भोकाचे. बी टेकडीवर जाण्याआधीच खलास झालेलं होतं. मुरूम निर्दोष, मुलगी निर्दोष.

भोकाचा चिंचोका आमच्या पिढीला नवा नाही. चल्लसआठ खेळायला चिंचोके फोडून घ्यायचे तेव्हा भोकाचा पहिला बाजूला. पहिलीच्या वर्गात बेरीज शिकवायला चिंचोक्यांचा डबा असायचा, दर वर्षी त्यातले निम्मे बदलावे लागत. भाजून खायला घेतला आणि तो हलका लागला तर तो आतून पोकळ, हे पोरांना न शिकवता कळायचं. पण हे भोक कोण पाडतं, केव्हा पाडतं, असा प्रश्न मला सत्तरी ओलांडेपर्यंत पडला नव्हता. मी बी.ए. मराठीचा माणूस. नववीला घुणाक्षरन्याय शिकवायचो, किडा लाकूड कोरतो आणि योगायोगाने अक्षर उमटतं, म्हणून. तो घुण डोळ्यांनी बघावा असं काही वाटलं नव्हतं.

म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत झाडावरच्या ताज्या, नुकत्या पिकलेल्या चिंचा आणल्या. काचेच्या दोन बरण्यांत ठेवून वर मलमल बांधली. सोबत भिंग आणि वही. सौ. म्हणाल्या, "बरण्या लोणच्याच्या आहेत, लक्षात ठेवा." ठेवलं.

या प्राण्याला आपल्याकडे धड एक नाव नाही. शेतकीच्या पुस्तकांत 'चिंचेच्या बियांवरील भुंगेरा' असं काहीतरी असतं. शास्त्रीय नाव कॅरिडॉन सेरेटस. सेरेटस म्हणजे करवतीसारखे दात असलेला, आणि भिंगातून पाहिलं की ते नाव पटतं. मागच्या पायाची मांडी फुगीर, तिच्यावर एक मोठा दात आणि पुढे बारक्या दातांची रांग. अंग गव्हाच्या दाण्याएवढं, तांबूस तपकिरी, त्यावर काळपट ठिपके. आपल्या मुगा-मटकीत जे टोके होतात त्यांचा हा चुलतभाऊ. सोंड मात्र नाही, त्यामुळे तांदळातल्या सोंड्याशी त्याची गल्लत करू नये.

मादी शेंगेच्या टरफलावर किंवा उघड्या चिंचोक्यावर एकेक अंडं चिकटवते. डिंकाचा वाळलेला थेंब असावा असं ते दिसतं, मिलिमीटरभर लांबीचं. साधारण आठवड्याने आतली अळी तयार होते. ती वरून बाहेर पडत नाही, ही पहिली गंमत! अंड्याच्या तळाला, जिथे ते चिकटलेलं असतं तिथूनच ती खाली भोक पाडते, टरफलातून गरात आणि गरातून चिंचोक्यात शिरते. कोरताना निघालेला भुसा मागे रिकाम्या अंड्यात साठतो, म्हणून आधी पारदर्शक असलेलं अंडं नंतर पांढरं दिसू लागतं. माझ्या वहीत 'अंडी पांढरी झाली' अशी नोंद आहे. तेव्हा मला वाटलं ती मेली. प्रत्यक्षात ती पांढरी झाली म्हणजे पाहुणा घरात शिरला.

हे आत जायचं भोक टाचणीच्या टोकाहून बारीक. साध्या डोळ्यांना दिसत नाही. त्यानंतर तीन-चार आठवडे बाहेर काहीही घडत नाही. चिंचोका चकचकीत, गुळगुळीत, हातात वजनदार. आत मात्र पांढरी गुबगुबीत अळी झाडाने रोपासाठी बांधून दिलेली शिदोरी खात असते. अळी पोसली की मोठं गोल दार कोरते. यापुढचं वागणं तिच्या मुगातल्या चुलतभावाहून वेगळं आहे. तो बियातच कोषात जातो. ही अळी बऱ्याचदा बाहेर येते, चिंचोक्याच्या अंगाला किंवा पोत्याच्या तळाशी कागदासारखा पातळ पांढुरका कोष विणते आणि त्यातून भुंगेरा होऊन निघते. माझ्या बरणीत पहिला भुंगेरा निघाला तो सत्तेचाळिसाव्या दिवशी. तीस-तेहतीस अंश उष्णता आणि हवेत पुरेसा दमटपणा असेल तर हे सगळं चाळीस-बेचाळीस दिवसांतही उरकतं. भुंगेऱ्याला पुढे बी खायचं नसतं. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, दोन-तीन आठवड्यांत संपायचं.

आता भोकाकडे परत येतो, कारण घोळ तिथेच आहे. आपण समजतो की भोक म्हणजे किडा आत शिरला. तर नाही. भोक म्हणजे तो जेवून, हात धुऊन निघून गेला! चोर पळाल्यावर उघडं राहिलेलं दार ते. त्यामुळे संस्थेतली मुलं भोकाचे चिंचोके निवडून टाकतात आणि 'चांगले' तेवढे गोळ्यांत घालतात तेव्हा ज्यांचं जेवण अजून चालू आहे ते सगळे 'चांगल्यात' मोजले जातात. मातीच्या गोळ्यात बसून त्यांची पंगत पूर्ण होते.

आणि पोतं? एक हिशेब करून दाखवतो. गणिताचे शिक्षक हसतील, हसू देत. समजा फेब्रुवारीत पोत्यात पाचच माद्या आहेत आणि प्रत्येकीची वीसच पिल्लं जगली. एप्रिलमध्ये शंभर चिंचोके गेले. त्या शंभरांत पन्नास माद्या. त्यांची प्रत्येकी वीस, म्हणजे जूनपर्यंत आणखी हजार. एका किलोत चिंचोके बसतात साधारण दीड-दोन हजार. म्हणजे पाच माद्यांनी पावसाळ्याआधी किलोचा निम्म्याहून जास्त माल संपवला. झाडावर असताना एवढं जमलं नसतं. तिथे तिला शेंग शोधावी लागते, उडावं लागतं, वाटेत पाखरं असतात. शिवाय युस्काना नावाची डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशी असते, ती अशा भुंगेऱ्यांच्या अंड्यातच आपलं अंडं घालून त्याचा कार्यक्रम आटोपते. बंद खोलीतल्या पोत्यात यातलं काही नाही. सगळं ताट वाढलेलं!

या किड्याचा मोठा पराक्रम आफ्रिकेतला आहे, तो वाचून मी थक्क झालो. जाणकारांच्या मते हा मूळचा आशियातला. पुढे तो पश्चिम आफ्रिकेत पसरला आणि तिथे चिंच, कांचन-आपट्याच्या जातभाई असलेली झाडं, बहाव्याची भावंडं यांच्या शेंगांत राहू लागला. भुईमूग तर दक्षिण अमेरिकेतून आलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेनेगलमध्ये साठवलेल्या शेंगांत हा किडा दिसल्याची नोंद झाली आणि आज तिकडे भुईमुगाच्या साठ्याची तो प्रमुख कीड मानला जातो. शेतकरी भुईमूग उपटून शेतातच वाळत ठेवतात, आसपासच्या रानझाडांवरून माद्या येतात, टरफलावर अंडी चिकटवतात आणि मग पोत्यांबरोबर सगळी वरात गोदामात. (चिंच स्वतः मूळची आफ्रिकेची आणि तिचं इंग्रजी नाव अरबीतल्या 'तमर-हिंदी'वरून, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. कोण कुठलं आणि कुणाचं नाव कुणाला, असो.)

माझ्या मते 'कीड' हा शब्द कोठाराचा आहे, रानाचा नाही. रानात चिंचेखाली पडलेल्या शेंगांपैकी बहुतेक या भुंगेऱ्याच्या वाट्याला जातात आणि तरी चिंचेचं काही अडत नाही. एक मोठी चिंच एका हंगामात हजारो बिया देते आणि तिला तिच्या सबंध आयुष्यात आपल्या जागी एक झाड मागे ठेवायचं असतं. तिचा हिशेबच उधळपट्टीचा.

डॅनियल जान्झेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने कोस्टा रिकाच्या जंगलात अशा बीभक्षक भुंगेऱ्यांचा अभ्यास केला आणि १९७० मध्ये एक विचार मांडला. जोसेफ कॉनेल यांनी पुढच्याच वर्षी स्वतंत्रपणे तोच मांडला. विचार सोपा आहे. बिया सर्वांत जास्त पडतात त्या आईच्या पायाशी, म्हणून बी खाणारे किडेही तिथेच गोळा होतात. जे बी लांब जाईल ते वाचेल. त्यामुळे एकाच जातीचं रान माजत नाही, मध्ये मध्ये दुसऱ्यांना जागा मिळते. सगळ्या झाडांना हे सारखंच लागू पडतं असं नाही, पण आमच्या टेकडीकडे पाहताना मला ते फार उपयोगी पडलं.

कारण चिंचेचं बी लांब नेतं कोण? वानरं. गर खातात, चिंचोका कुठेतरी थुंकतात किंवा गिळून पुढे टाकतात. बहाव्याची शेंग अस्वल, कोल्हा, वानर गरासाठी फोडतात. नाहीतर ती हातभर लांब नळी न फुटता पडून राहते, आणि आतल्या एकेका कप्प्यात बी आणि बीत अळी. बाभळीचं बी मेंढपाळ शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करत आले आहेत, कारण शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर रुजतं, हे त्यांना कुणी परदेशी पंडिताने सांगावं लागलं नव्हतं. म्हणजे जनावराने शेंग वेळेवर, ताजी असताना उचलली तरच खेळ जमतो. भुंगेरा आणि वानर यांची ती शर्यत आहे.

आणि आपण काय केलं? वानराचं काम करायला निघालो आणि सगळ्या बिया चार महिने एका जागी रचून ठेवल्या. आईच्या पायाशी असतो त्याहून मोठा ढीग!

गेल्या वर्षी हे सगळं मी त्या कार्यकर्त्यांना सांगितलं. एकाने तत्परतेने उपाय काढला, "मग पोत्यात धान्याच्या गोळ्या टाकू." मी जवळजवळ ओरडलोच. त्या गोळ्यांतून फॉस्फिन नावाचा वायू निघतो, तो किड्याइतकाच माणसालाही मारतो आणि पोती होती शाळेच्या खोलीत, भिंतीपलीकडे वर्ग. झाडं लावायला निघालेल्या माणसांनी हे करायचं?

विषाची गरजच नाही, तारीख पाळायची गरज आहे. शेंगेचं टरफल सैल झालं, हलवली की वाजू लागली, की झाडावरूनच उतरवायची. एप्रिल-मेमध्ये खाली पडलेल्या वेचण्यात अर्थ नाही, ती पंगत कधीच उठलेली असते. शेंग आणल्या दिवशी फोडायची, गर काढायचा, चिंचोके चोळून धुवायचे. टरफलावरची अंडी टरफलाबरोबर जातात. मग पाण्याच्या बादलीत टाकायचे. पोकळ झालेले तरंगतात, ते काढायचे. (लहान अळी असलेला मात्र बुडतो, तेव्हा एवढ्यावर समाधान नको.) चांगले खणखणीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचे आणि आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये. चिंच, बहावा असलं कोरडं कडक बी गारठ्याने मरत नाही, आतली अळी मरते. आंबा, जांभूळ यांच्या ओल्या बियांना हा प्रयोग करू नका, त्या मरतील. त्या मुळात साठवायच्याच नसतात, लगेच लावायच्या. फ्रीझर नसेल तर चूल असलेल्या घरातली चाळलेली राख घ्या आणि बी तिच्यात दडपून ठेवा. कडव्या वालांना आपल्या आज्या हेच करत होत्या, आणि टोक्यांना राखेतून हिंडणं जमत नाही.

सर्वांत बरं म्हणजे साठवायचंच नाही. पाण्याची सोय असेल तर मार्चमध्येच पिशवीत दोन-दोन चिंचोके टोचायचे. जूनपर्यंत वीतभर रोप तयार. गोळे वळण्याची मजा त्यात नाही, ट्रॅक्टर नाही, फोटोही यथातथाच. शिवाय तीन महिने रोज पाणी घालायला कुणीतरी लागतं, आणि मला वाटतं खरी अडचण तीच आहे. एका रविवारी हजार हात मिळतात. रोज सकाळी एक हात मिळत नाही.

२०२६ च्या हंगामासाठी त्या सातवीतल्या (आता नववीतल्या) मुलीला मी नव्वद चिंचोके दिले, फ्रीझरमधून काढून, धुऊन-पुसून. तिने घराच्या मागे मोरीच्या पाण्यावर पिशव्या ठेवल्या. बासष्ट उगवले. वहीत तारखा टाकल्या आहेत, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. न उगवलेले अठ्ठावीस तिने उकरून फोडून पाहिले, हे मी सांगितलेलं नव्हतं! चारांत अळीने खाल्लेलं होतं, बाकीचे नुसते कुजले होते. रोपं पावसाळ्यात टेकडीवर जातील. कार्यकर्त्यांनी खड्डे देऊ केले आहेत, गिरिपुष्पाच्या रांगेतच.

नात्यातल्या मंडळींना एक विनंती. फेब्रुवारीत गावाकडे याल तेव्हा चिंचा बाजारातल्या गोळा केलेल्या आणू नका, आपल्या मळ्यातल्या, सालीसकट आणा. आणि आमच्या फ्रीझरमध्ये आमरसाशेजारी 'खाऊ नये' अशी चिठ्ठी लावलेला स्टीलचा डबा दिसला तर उघडू नका. लोणच्याच्या बरण्या सौ.नी परत घेतल्या आहेत. उरलेले सात भुंगेरे मी मागच्या दारी आपट्यावर सोडले. शेंगा त्यालाही असतात.